दोन वाक्यांचे कलम

श्रोतेहो, कायदा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? वकिलाचा काळा डगला, कोर्टाची पायरी आणि तारखांवर तारखा. पण तो कायदा मुळात तयार कसा होतो, त्याच्या एकेका शब्दावर कोण हुज्जत घालते, हे आपण फारसे पाहत नाही. म्हणून आज एकाच दिवसाची हकीकत आपल्याला सांगणार आहे.

दिवस 29 नोव्हेंबर 1948, वार सोमवार. स्थळ नवी दिल्ली, घटना समितीचे सभागृह. हेच सभागृह पुढे संसदेचा सेंट्रल हॉल म्हणून प्रसिद्धीस आले. त्या दिवशी तिथे दोन वाक्यांचे एक कलम मंजूर झाले. मसुद्यात त्याचा क्रमांक 11 होता, राज्यघटनेत तो 17 झाला. पहिल्या वाक्यात म्हटले आहे की अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे आणि ती कोणत्याही स्वरूपात पाळण्यास मनाई आहे. दुसऱ्या वाक्यात म्हटले आहे की अस्पृश्यतेपायी कोणावर कसलीही बंधने लादणे हा कायद्याने शिक्षेस पात्र असा गुन्हा होईल.

आता कोणी विचारील, पहिले वाक्य एवढे स्पष्ट आहे, मग दुसऱ्याची गरज काय? या प्रश्नाचे उत्तर दिल्लीत नाही, ते आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या महाडला सापडते.

1923 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा सरकारच्या ताब्यातल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत, असा तो ठराव होता. ठराव मंजूर झाला. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले! पण पाणी भरायला जायची कोणाची छाती होईना. कारण अडवणाऱ्याला विचारणारा कोणी नव्हता. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसे त्या तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले, तळे बाटले म्हणून त्याची शुद्धी करण्यात आली आणि नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. मग दिवाणी दावा लागला. तो रेंगाळत रेंगाळत मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. 17 मार्च 1937 रोजी अस्पृश्यांच्या बाजूने शेवटचा निकाल लागला. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षे!

ठराव आणि कायदा यांतला फरक इथे दिसतो. दार उघडे आहे असे ठराव सांगतो. दार अडवून कोणी उभा राहिला तर त्याचे काय करायचे, हे कायद्याला सांगावे लागते. ‘गुन्हा’ हा शब्द त्या कलमात आला तो यासाठी.

हा शब्द त्या एकाच दिवशी सुचला असेही नाही. 29 एप्रिल 1947 रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीच, मूलभूत हक्कांचा अहवाल सरदार वल्लभभाई पटेलांनी घटना समितीपुढे ठेवला होता. त्यातही अस्पृश्यता बंद करण्याचे आणि तिच्यापायी अडवणूक करणे गुन्हा ठरवण्याचे कलम होते. त्या वेळी बंगालचे प्रमथरंजन ठाकूर यांनी एक टोचणी लावली. जातिव्यवस्था तशीच ठेवून अस्पृश्यता तेवढी कशी नाहीशी कराल, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या मते रोग जातीचा होता आणि अस्पृश्यता हे त्याचे नुसते लक्षण. कलम मंजूर झाले, पण हा प्रश्न तिथेच राहिला.

आता त्या सोमवारी सभागृहात काय झाले ते पाहू. अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी होते. कायदा करण्याची रीत अशी असते : मसुद्याचे कलम सभागृहापुढे येते, ज्याला शब्द बदलावेसे वाटतात तो उपसूचना, म्हणजे दुरुस्ती, मांडतो, इतर सभासद बोलतात, मसुदा ज्यांच्याकडे असतो ते उत्तर देतात, आणि शेवटी मते घेतली जातात. घरची कामाची माणसे वाटणीपत्राचा शब्द न् शब्द वाचून पाहतात, तसेच हे काम.

उपसूचना मांडली ती पश्चिम बंगालचे नझिरुद्दीन अहमद यांनी. हे गृहस्थ वकिली बाण्याचे. त्यांचा आक्षेप असा की ‘अस्पृश्यता’ या शब्दाला कायद्यात ठाम अर्थ नाही. साथीच्या रोगाने आजारी पडलेल्या माणसालाही आपण शिवत नाही. तोही अस्पृश्यच की! तेव्हा धर्म किंवा जात यांच्या कारणाने कोणालाही अस्पृश्य मानू नये, अशी नेमकी शब्दरचना करावी.

मद्रासचे व्ही. आय. मुनिस्वामी पिल्लै यांनी कलमाचे मनापासून स्वागत केले. ते स्वतः अस्पृश्य मानलेल्या समाजातले होते आणि मद्रास प्रांतात मंत्री राहिलेले होते. त्यांच्या पाठोपाठ बंगालचे मनमोहन दास बोलले. हे कलम कोणाला खास सवलत देण्यासाठी नाही, देशाच्या लोकसंख्येतल्या एका मोठ्या भागाला कायमच्या मानहानीतून सोडवण्यासाठी आहे, असे त्यांनी सांगितले. आणि मग एका विलक्षण योगायोगाकडे त्यांनी सभागृहाचे लक्ष वेधले. ज्या मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत हिंडावे लागले, वर्गाबाहेर बसून धडे घ्यावे लागले, त्याच्याच हाती आज देशाची घटना लिहिण्याचे काम आले आहे. त्यांचा रोख कोणाकडे होता हे सांगायला नको. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसणारा आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागवू शकणारा तो मुलगा आता देशाचा कायदेमंत्री आणि मसुदा समितीचा अध्यक्ष होऊन समोर बसला होता.

ओरिसाचे शंतनुकुमार दास यांनी मात्र सभागृहालाच आरसा दाखवला. आपण कायदे करतो आणि खेड्यातल्या लोकांनी ते पाळावेत अशी अपेक्षा धरतो. पण ते आधी आपण पाळले पाहिजेत, नाहीतर ती फसवणूक होईल, असे ते म्हणाले. ही गोष्ट खेड्यात राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. सुधारणा नेहमी दुसऱ्याच्या आळीत व्हावी, असे शहाण्या माणसांनाही वाटत असते.

दाक्षायणी वेलायुधन यांचे नाव आपल्याकडे कमी ऐकू येते. कोचीन संस्थानातल्या पुलया समाजात 1912 साली त्यांचा जन्म झाला. त्या समाजातून शिकून पदवीधर झालेल्या या बाई घटना समितीतल्या अनुसूचित जातींच्या एकमेव स्त्री सभासद होत्या. कलमाला त्यांचा पाठिंबा होताच. पण घटना कशी चालेल हे कायद्याच्या अंमलबजावणीपेक्षा लोक पुढे कसे वागतात यावर अवलंबून राहील, असा इशारा त्यांनी दिला. अस्पृश्यतेविरुद्ध सरकारने प्रचारही केला पाहिजे असे त्यांचे मत होते.

आणखी एक शंका प्रो. के. टी. शहा यांनी काढली. हे मुंबईचे नामांकित अर्थशास्त्रज्ञ. ते म्हणाले, या शब्दाची व्याख्या कुठेच केलेली नाही. सुतकातल्या माणसाला शिवत नाहीत, ठरावीक दिवसांत बायकांनाही बाजूला बसवतात. मग हेही या कलमाखाली येणार काय?

डॉ. आंबेडकरांनी लांबलचक उत्तर दिले नाही. नझिरुद्दीन अहमद यांची उपसूचना स्वीकारता येत नाही, एवढेच सांगून ते थांबले. उपसूचना नामंजूर झाली, कलम मंजूर झाले आणि सभागृहात ‘महात्मा गांधी की जय’ असा जयघोष उठला. गांधीजींना जाऊन तेव्हा पुरते दहा महिनेही झाले नव्हते. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर गांधीजी आणि डॉ. आंबेडकर यांच्यात किती कडाक्याचे मतभेद होते, हे पुणे कराराचा इतिहास वाचणाऱ्याला माहीत आहे. कलम पार पाडणारा एक, जयघोष दुसऱ्याचा. इतिहासात अशा गोष्टी एकमेकींशेजारी बसतात. आपण दोन्ही पाहाव्यात, एकीने दुसरी झाकू नये.

बरं, कलम मंजूर झाले म्हणजे काम संपले काय? मुळीच नाही. 26 जानेवारी 1950 ला राज्यघटना अमलात आली, पण कोणत्या कृत्याला किती शिक्षा, हे ठरवणारा कायदा अजून व्हायचा होता. तो करण्याचा अधिकार घटनेने फक्त संसदेला दिला. एका राज्यात एक शिक्षा आणि शेजारच्या राज्यात दुसरी, असे होऊ नये हा त्यामागचा हेतू. त्याप्रमाणे अस्पृश्यता (गुन्हे) कायदा झाला आणि 1 जून 1955 पासून लागू झाला. देऊळ, विहीर, दुकान, खाणावळ, शाळा, दवाखाना, अशा ठिकाणी अस्पृश्यतेच्या कारणाने अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात होती. त्यातली एक तरतूद फार मोलाची होती. अडवलेली व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर अडवणूक अस्पृश्यतेमुळेच झाली असे न्यायालयाने धरून चालायचे; तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. ‘जातीवरून नव्हे, दोर तुटका होता म्हणून विहिरीवर येऊ दिले नाही,’ असली सबब नुसती सांगून सुटायची वाट बंद झाली.

तरी कायदा अपुरा पडला. 1976 साली तो कडक करण्यात आला आणि त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले. मारहाण, बहिष्कार, जमिनीवरून हुसकावणे असे प्रकार त्यानेही थांबेनात, म्हणून 1989 साली अत्याचार प्रतिबंधाचा वेगळा कायदा करावा लागला. एका कलमासाठी इतके कायदे करावे लागले, यावरून दाक्षायणीबाईंचा इशारा किती खरा होता हे कळते.

आणि शहांच्या शंकेचे काय झाले? कलमात ‘अस्पृश्यता’ हा शब्द अवतरणचिन्हांत आहे. म्हैसूरच्या उच्च न्यायालयाने पुढे असा अर्थ लावला की हा शब्द नुसत्या शब्दार्थाने घ्यायचा नाही, या देशात इतिहासक्रमाने जी चाल वाढली ती इथे अभिप्रेत आहे. शंका मात्र तेवढ्याने मिटली नाही. 28 सप्टेंबर 2018 रोजी शबरीमलाच्या मंदिर-प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, पाळीच्या कारणावरून स्त्रियांना दूर ठेवणे हेही या कलमाच्या कक्षेत येते, असे मत दिले. त्याच खटल्यात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी याच्या उलट मत नोंदवले. सभागृहात उत्तराविना राहिलेला प्रश्न सत्तर वर्षांनी न्यायासनापुढे येऊन उभा राहिला.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक सूचना करावीशी वाटते. नागरिकशास्त्राच्या तासाला हे कलम मुलांकडून पाठ करून घेतले जाते. त्याबरोबर ही चर्चाही वर्गात करून पाहावी. एका मुलाने नझिरुद्दीन अहमद व्हावे, एका मुलीने दाक्षायणीबाई व्हावे, कोणी शहांची शंका काढावी. आणि तास संपला की शाळेतल्या पाण्याच्या पिंपाकडे, दुपारच्या जेवणाच्या पंगतीकडे आणि गावातल्या स्मशानाच्या वाटेकडे मुलांनी एकदा डोळे उघडे ठेवून पाहावे. कोण कुठे बसतो, कोणाला पाणी कोण वाढतो, कोणाची वाट वेगळी आहे? त्या दोन वाक्यांतले पहिले आपल्या गावात कितपत खरे झाले आहे, हे त्यांचे त्यांनाच दिसेल. ते जिथे खरे झालेले नसेल, तिथे दुसरे वाक्य लागू आहे, हेही त्यांना त्याच तासाला सांगावे.