गिनीपिगच्या रक्तात दडलेलं औषध

आजच्या भागात गोष्ट एका औषधाची. नाव जरा अवघड आहे: एल-ॲस्परॅजिनेज. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याच्या केमोथेरपीत हे औषध हमखास असतं. पण हे विष नाही, एन्झाइम आहे.

1953, न्यूयॉर्क. कॉर्नेलमध्ये जॉन किड उंदरांच्या लिम्फोमावर प्रयोग करत होते. उंदरांना गिनीपिगचं सीरम टोचलं आणि गाठी चक्क विरघळल्या! घोड्याचं, सशाचं सीरम देऊन पाहिलं, तर काहीच नाही. मग गिनीपिगमध्येच असं काय होतं?

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पुढचा भाग मला फार आवडतो. उत्तर आधीच छापलेलं होतं, फक्त दोन वेगवेगळ्या ठिकाणी. गिनीपिगच्या रक्तात ॲस्परॅजिनेज असतं, हे क्लेमेंती यांनी 1922 मध्येच लिहून ठेवलं होतं. आणि काही कॅन्सर पेशींना वाढायला ॲस्परॅजिन नावाचं अमिनो ॲसिड बाहेरून लागतं, हे 1956 मध्ये न्यूमन आणि मॅकॉय यांनी दाखवलं. जॉन ब्रूम यांनी हे धागे जोडले आणि 1961 मध्ये सांगितलं, गाठी विरघळवणारं ते हेच एन्झाइम.

ते करतं काय? रक्तातलं ॲस्परॅजिन तोडून टाकतं. आपल्या बहुतेक निरोगी पेशी ते स्वतः बनवतात, त्यांचं भागतं. ल्युकेमियाच्या पेशींना ते पुरेसं बनवता येत नाही, म्हणून त्यांची उपासमार होते.

पण एवढुशा गिनीपिगमधून औषध काढणार तरी किती? 1964 मध्ये मॅशबर्न आणि रिस्टन यांनी ई. कोलाय या जिवाणूतलं एन्झाइमही तेच काम करतं हे दाखवलं. जिवाणू हवे तेवढे वाढवता येतात! 1978 मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

अर्थात, हे एकटं पुरत नाही, सोबत इतर औषधं लागतातच. जिवाणूचं प्रोटीन असल्यामुळे ॲलर्जी होऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, रक्ताच्या गुठळ्याही होऊ शकतात.

तरी मला राहून राहून वाटतं, 1922 चा तो पेपर तेव्हा कोणाला कामाचा वाटला असेल? कॅन्सरशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. कोणीतरी तो जपून ठेवला आणि चाळीस वर्षांनी कोणीतरी तो वाचला, म्हणून आज कितीतरी मुलं मोठी होतायत.

भेटू पुढच्या भागात!