पायाची नाडी

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग सर्वांना ठाऊक आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. खामगावकडून बुलढाण्याला येताना बोथ्याचा घाट लागतो, मोताळ्याकडून येताना राजूरचा. अशा चढावर पन्नाशी उलटलेल्या एखाद्याच्या पोटरीत गोळे येतात. तो थांबतो, पाचेक मिनिटांत दुखणे ओसरते. चालू लागला की पुन्हा तेच. घरचे म्हणतात, वात आहे, तेल चोळा. पण ठरावीक अंतर चालल्यावर येणारे आणि थांबताच जाणारे हे दुखणे बहुधा रक्ताच्या टंचाईचे असते. धमनी आतून अरुंद झालेली असते आणि चढावर स्नायूंना जास्त रक्त लागते, तेवढे पोचत नाही.

गंमत अशी, की हा विकार आधी घोड्यात ओळखला गेला. थोडे धावले की लंगडणाऱ्या आणि विसाव्यानंतर पूर्ववत होणाऱ्या एका घोड्याच्या पायाच्या धमन्या बंद झाल्याचे फ्रेंच पशुवैद्य बुले यांनी १८३१ मध्ये नोंदवले. माणसातला असाच रोगी पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८५८ मध्ये वर्णन केला.

पुढे न्यूयॉर्कमधील डॉ. लिओ बर्गर यांनी तरुण रुग्णांचे कापून काढावे लागलेले अकरा पाय तपासले आणि १९०८ मध्ये धमन्या बुजवणाऱ्या एका रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला आज बर्गरचा रोग म्हणतात. तंबाखूशी त्याचे नाते घट्ट आहे. आपल्याकडे विडी ओढणाऱ्यांत तो आढळतो. विडी सुटली तर पाय वाचण्याची आशा राहते, सुरूच राहिली तर बोटांपासून सुरू झालेली कापाकापी वर सरकते.

बर्गर यांच्या नावाची तपासणी अगदी साधी आहे. रोग्याला उताणे निजवून पाय वर उचलायचे. निरोगी पाऊल सरळ उभे धरले तरी गुलाबी राहते. रक्त कमी पोचत असेल तर ते पांढरे पडते. मग पाय खाटेखाली सोडला की काही वेळाने लालबुंद होतो. जितक्या कमी उंचीवर पाऊल पांढरे पडेल, तितका आजार मोठा.

दुसरी तपासणी बोटांची. जांघेत, गुडघ्यामागे, आतल्या घोट्याच्या मागे आणि पावलाच्या पाठीवर, अशा चार जागी नाडी चाचपायची. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, म्हणून घोट्यामागची पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये आणि दोन्ही पायांची तुलना करावी. १९५० मध्ये विन्सर यांनी घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहिला. दंडात १४० आणि घोट्यात ८४ असेल, तर भागाकार ०.६ येतो. ०.९ किंवा त्याहून कमी म्हणजे धमनीत अडथळा.

आपल्या वैद्यकात शार्ङ्गधराच्या काळापासून मनगटावरच्या नाडीला मान मिळाला. पायाला हात लागतो तो नमस्कारापुरता. दवाखान्यातही रोगी चपला-मोजे न काढताच परततो. मधुमेही माणसाच्या बाबतीत हे फार महागात पडते. पावलाची संवेदना गेलेली असल्याने जखम दुखत नाही, आणि रक्त पोचत नसल्याने ती भरतही नाही. काळी पडलेली बोटे घेऊन माणूस मोठ्या शहरात पोचतो, तेव्हा पाय राखण्याची वेळ कित्येकदा टळलेली असते.

२०२४ मध्ये बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे शिकणाऱ्यांच्या हाती पुढे मोठी यंत्रे येतील. पण ही तपासणी गावच्या आरोग्य केंद्रातही दोन मिनिटांत होते. आपणही एक करावे. तंबाखूचे व्यसन, मधुमेह किंवा चालताना पोटरीत गोळे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांसमोर पाय उघडे करावेत आणि नाडी पाहायला सांगावे. पाय एकाएकी गार, पांढरा पडून असह्य दुखू लागला, तर मात्र सकाळची वाट पाहू नये. तिथे हिशेब तासांचा असतो.