न ओलांडता हलणारा भार

मिरकरवाडा बंदरावर ट्रॉलर रिकामे होऊ लागले की बांगड्यांच्या, कोळंबीच्या टोपल्यांशेजारी माकुलांचेही ढीग पडतात. हॉटेलांच्या मेनूवर त्याचाच स्क्विड होतो. रत्नागिरीत हे जिन्नस रोजचेच. पण याच कुळातल्या इंग्लिश खाडीतल्या माकुलाने शरीरातल्या विजेचे गणित माणसाला शिकवले. त्या गणिताची एक शाखा पुढे स्नायूंपर्यंत पोचली. तिची ही कुळकथा.

माकुलाच्या अंगात एक अवाढव्य मज्जातंतू असतो. मोठ्या जातींमध्ये तो जवळजवळ मिलिमीटरभर जाड भरतो. जे. झेड. यंग यांनी 1936 मध्ये तो शास्त्रज्ञांच्या नजरेस आणून दिला. एवढ्या जाड तंतूच्या आत तार घालता येत होती. अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत ती घातली आणि 1952 मध्ये त्यांची समीकरणे प्रसिद्ध झाली. केंब्रिजचा संगणक तेव्हा मोठ्या फेरबदलांसाठी बंद होता, म्हणून हक्सलींनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर आठवडेच्या आठवडे आकडेमोड केली. मला त्या समीकरणांइतकेच त्यांतले एक अनुमान मोठे वाटते. तंतूच्या पेशीपटलावरचा विद्युतदाब बदलताच सोडियमची वाट उघडते, म्हणजे पटलाच्या आतच भारित असे काहीतरी असले पाहिजे आणि ते दाबानुसार जागा बदलत असले पाहिजे. ते हलताना अगदी क्षीण प्रवाह निर्माण व्हायला हवा. त्यांनी तो शोधला, पण सापडला नाही. तरी अनुमान त्यांनी लिहून ठेवले.

दाब ओळखतो कोण, हे कोडे स्नायूत वेगळ्या रूपाने उभे राहिले. स्वस्थ स्नायूपेशीच्या पटलाची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 90 मिलिव्होल्ट ऋण असते. मज्जातंतूचा निरोप आला की हा दाब क्षणात उलटतो आणि अतिसूक्ष्म आडव्या नळ्यांवाटे पेशीच्या गाभ्यात शिरतो. नळ्यांना खेटून कॅल्शियमची कोठारे असतात. त्यांतून कॅल्शियम सुटले की स्नायू आखडतो. पण नळी आणि कोठार एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये दहा-बारा नॅनोमीटरची फट असते. हृदयाच्या स्नायूत बाहेरून आत आलेले कॅल्शियमच कोठार उघडते. हाडांना जोडलेल्या स्नायूचे तसे नाही. 1972 मध्ये बेडकाचे तंतू कॅल्शियम जवळजवळ काढून टाकलेल्या द्रवात ठेवले, तरी ते आखडत राहिले. मग फट ओलांडून निरोप नेतो कोण?

येल विद्यापीठातल्या मार्टिन श्नायडर आणि नॉक्स चँडलर यांनी 1973 मध्ये ‘नेचर’मध्ये उत्तराची पहिली खूण छापली. त्यांची रीत मला फार आवडते. आधी त्यांनी ओळखीचे प्रवाह औषधांनी बंद केले. तंतू आखडून त्यात खुपसलेल्या मोजणीच्या सुया निसटू नयेत म्हणून द्रवात साखर वाढवली. मग सारख्याच उंचीची दाबाची उडी दोन ठिकाणांहून मारली: एकदा पटलातले भारित तुकडे हलू शकतील अशा पट्ट्यात, एकदा ते हलू शकणार नाहीत अशा पट्ट्यात. पटल कोणत्याही धारित्राप्रमाणे भरताना जो प्रवाह घेते तो दोन्हीकडे सारखाच. वजाबाकी केली की उरतो तो फक्त तुकड्यांच्या हलण्याचा. दाब मूळ जागी आणल्यावर तितकाच भार परत येत होता. म्हणजे काहीही पटल ओलांडून गेले नव्हते. होते ते पटलातल्या पटलातच सरकले होते. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, क्ले आर्मस्ट्राँग आणि फ्रान्सिस्को बेझानिया यांनी माकुलाच्या तंतूतही तसाच प्रवाह दाखवला. हॉजकिन-हक्सलींचे अनुमान एकवीस वर्षांनी मोजपट्टीवर आले.

प्रतिमानही साधेच. प्रत्येक तुकड्याला दोनच जागा. कोणत्या जागी किती तुकडे, हे बोल्ट्झमनचा नियम ठरवतो. एकूण भार, वक्राचा मध्य आणि त्याचा चढ, एवढ्या तीन आकड्यांत सगळा आलेख बसतो. स्नायू आखडू लागतो तो उंबरठाही याच चढाच्या पट्ट्यात येतो. 1976 मध्ये चँडलर आणि सहकाऱ्यांनी त्यावर चित्र रचले: नळीच्या पटलात भारित तुकडा, त्याला जोडलेला दांडा फटीतून पलीकडे आणि त्याच्या टोकाला कोठाराचे बूच. दाब बदलला की दांडा मोरीच्या बुचासारखे ते उपसतो. पुढे या प्रवाहात एक जास्तीचा उंचवटा दिसला आणि तो कॅल्शियम सुटण्याचे कारण की परिणाम, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. क्रिस्टोफर हुआंग यांनी केंब्रिजमध्ये त्यावर दीर्घ काम केले.

हा तुकडा म्हणजे नेमके काय, याचा धागा रक्तदाबाच्या एका औषधाने दिला. निफेडिपिन दिल्यावर भाराचे हलणेही घटते आणि कॅल्शियमचे सुटणेही, हे एदुआर्दो रिओस आणि गुस्ताव्हो ब्रुम यांनी 1987 मध्ये दाखवले. निफेडिपिन ज्या प्रथिनाला चिकटते तेच दाब ओळखणारे प्रथिन ठरले. ते नसलेल्या, जन्मतःच लुळ्या उंदरांच्या स्नायूपेशींत त्याचे जनुक घातले, तेव्हा पुढच्याच वर्षी त्या पेशी पुन्हा आखडल्या.

कोकणाला या भाराची ओळख वेगळ्या, क्रूर वाटेने आहे. विंचवाच्या विषातली काही द्रव्ये मज्जातंतूंच्या सोडियम वाटेतला असाच भारित भाग पकडून ठेवतात. वाट वेळेवर बंद होत नाही, मज्जातंतू पेटत राहतात आणि ताण हृदयावर येतो. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात मुले दगावत, तेव्हा महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून अनेक प्राण वाचवले. ते औषध त्या वाटेला हात लावत नाही. मज्जातंतूंच्या वादळात आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. मूळ यंत्रणा पकडीत अडकलेली असतानाही परिणामाशी लढता येते, हे त्या उपचाराचे मोल.

बुचाच्या दांड्याचा शोध मात्र लांबत गेला. 2017 मध्ये कर्ट बीम यांच्या गटाने स्नायूंशी संबंध नसलेल्या पेशी घेतल्या आणि त्यांच्यात पाच प्रथिने घातली: दाब ओळखणारे, त्याचे जोडीदार, कोठाराचे दार, दोन पटले जवळ बांधून ठेवणारे आणि स्टॅक-3 नावाचे पाचवे. पटलावरचा दाब बदलताच त्या पेशींत कॅल्शियम सुटले.