उंबरठ्याजवळची यात्रा



वैशाखाचे ऊन तापू लागले आणि शाळांना सुट्टी लागली, की आपल्या वसई-विरारच्या घराघरांतून एकच प्रश्न उठतो : "आता मुलांना न्यायचे कुठे?" प्रश्न मुलांचा असतो, पण उत्तर खिशाला द्यावे लागते. चार-पाच माणसांचे कुटुंब तिकिटाच्या खिडकीशी उभे राहिले, की महिन्याचा हिशेब कोलमडतो. म्हणून पुष्कळ घरांतून "पुढच्या वर्षी पाहू" असे ठरीव उत्तर मिळते, आणि पुढचे वर्ष काही उजाडत नाही.

आम्ही आज जे मांडणार आहोत ते दोन वाक्यांत सांगता येईल. पहिले हे, की अर्ध्या दिवसात जाऊन यावे आणि भाड्यापलीकडे फारसे काही खर्चू नये, अशी ठिकाणे आपल्या उंबरठ्याजवळ पुष्कळ आहेत. दुसरे अधिक महत्त्वाचे. ही ठिकाणे आज सर्वांना खुली आहेत ती आपोआप नव्हे. त्यांतील काहींची दारे एकेकाळी बंद होती, काही तर मातीखाली गडप झाली होती. इतिहासात केव्हातरी ती उघडली. आणि उघडलेले दार पुन्हा लागूही शकते.

सहल हा विषय इतिहासाच्या व्यासपीठावर हलका वाटेल. परंतु मौज अशी, की आपल्या भूमीत सापडलेला सर्वांत जुना कोरीव लेख सहलीविषयीच बोलतो. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यास ब्राह्मी लिपीतला एक तुटका शिलाखंड मिळाला. तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा ठरला. हा लेख गिरनारसारख्या ठिकाणी पूर्ण मिळतो, म्हणून त्यातला आशय आपणांस ठाऊक आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस, म्हणजे मौजेच्या सहलीस, निघत. त्यांत शिकार असे, इतर करमणुकी असत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीस, म्हणजे बोधगयेस, गेला आणि तेव्हापासून त्याने धर्मयात्रा सुरू केली. ब्राह्मण-श्रमणांची भेट, वृद्धांची भेट, दानधर्म, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलणे, हा त्या यात्रेचा कार्यक्रम. आणि यातच आपल्याला अधिक आनंद होतो, असे तो सम्राट सांगतो. म्हणजे अशोकाने सहल बंद केली नाही. तिचा हेतू तेवढा बदलला. माणसाने घराबाहेर का पडावे, या प्रश्नाचे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचे उत्तर आपल्या सोपाऱ्याच्या दगडावर कोरलेले होते.

पुढे 1956 साली एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल ना. अ. गोरे यांना भुईगावास नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, हाच खरा मंगलविधी, असा त्या लेखाचा भाव आहे. खर्चाचा थाट वेगळा आणि समाधान वेगळे, हा भेद आम्ही आज नव्याने सांगत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

तेव्हा पहिली सहल सोपाऱ्याची. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस 'बुरूड राजाचा कोट' म्हणून एक उंचवटा आहे. हा कोट नव्हे आणि येथे कोणी बुरूड राजाही नव्हता. ते बौद्ध स्तूप आहे. महाभारतातले शूर्पारक ते हेच. ग्रीक नाविकांच्या वृत्तांतात सुप्पारा म्हणून येते तेही हेच बंदर. व्यापार ओसरला, खाडी गाळाने भरली, लोकांना स्तूपाची ओळख राहिली नाही, आणि त्यांनी आपल्या कल्पनेने उंचवट्याला एक राजा जोडून दिला. भगवानलालांनी 1882 मध्येच तो उकलला, तेव्हा मध्यभागी दगडी मंजूषा निघाली. तीत एकात एक ठेवलेले करंडक होते, सर्वांत आतला सोन्याचा. त्यात भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे होते, आणि भोवती काशाच्या आठ बुद्धमूर्ती. हा ठेवा मुंबईस एशियाटिक सोसायटीकडे गेला. जागेवर आज विटांचा उंचवटा आणि झाडांची सावली एवढेच आहे. म्हणूनच येथे मुलांना नुसते आणून उभे करू नये. आधी घरी ही गोष्ट सांगावी आणि मग न्यावे. गोष्ट ठाऊक असली, की मूल त्या विटांभोवती तासभर फिरते. नसली, तर पाच मिनिटांत "चला आता" म्हणते.

अशोकाची धर्मयात्रा राजाची होती. सामान्य माणसाची सहल म्हणजे जत्रा. घरकाम, शेतकाम सोडून बायकामुलांसह बाहेर पडावयाचे, तर देवाचे निमित्त लागे. देवाच्या नावाने निघालेल्याला कोणी आळशी म्हणत नसे. कार्तिक वद्य एकादशीला भरणारी निर्मळची जत्रा आपल्यापैकी पुष्कळांनी आजी-आजोबांचे बोट धरून पाहिलेली असेल. निर्मळच्या टेकडीवरील देवस्थान शंकराचार्यांच्या समाधीचे म्हणून लोक मानतात. शिदोरी घरची, पाय आपले. खर्च तो पोराच्या पिपाणीचा आणि मूठभर सुकेळ्यांचा. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली ही सुकेळी हा आपल्या वसईचा खास मेवा. निर्मळच्या देवळाला जेवढी माणसे येतात, तेवढीच तेथील तळ्याच्या काठी जत्रेबाहेरच्या दिवसांत निवांत बसू शकतात, हे मात्र आपण विसरलो आहोत. विरारच्या जीवदानीचेही तेच. तेराशेंहून अधिक पायऱ्या चढून गेले, की एका बाजूला डोंगररांगा आणि दुसऱ्या बाजूला थेट समुद्रापर्यंतचा मुलूख दिसतो. भूगोलाचा इतका स्वस्त धडा दुसऱ्या कुठल्या वर्गात मिळणार?

जत्रेनंतर सहलीला दुसरे पाय दिले ते आगगाडीने. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली, आणि 1936 मध्ये बोरिवली-विरार मार्गावर विजेची गाडी आली. वसईची पाने, केळी, भाजी आणि फुले मुंबईला जाऊ लागली. मुंबईचा चाकरमानी रविवारी वसईचा किनारा पाहावयास येऊ लागला. परंतु गाडीने आपल्या मनाला एक खोडही लावली. पाहण्याजोगे ते सारे गाडीच्या दुसऱ्या टोकाला, असे आपण समजू लागलो. मुंबईकर वसईचा किल्ला पाहून जातो, आणि वसई रोडला वीस-वीस वर्षे राहणाऱ्या कुटुंबाने तो पाहिलेला नसतो!

आता त्या किल्ल्याकडे वळू. कारण दार बंद असणे आणि उघडणे म्हणजे काय, हे तेथे डोळ्यांनी दिसते. 23 डिसेंबर 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी येथे तटबंदीचे शहर वसविले. ते उत्तर प्रांताची राजधानी झाले. तटाच्या आत उमरावांचे वाडे, मठ, चर्च, न्यायालये होती. बाहेरच्या कष्टकऱ्याने आत यावे ते कामापुरते. आत घर असणे ही उमरावांची मिरास होती. त्याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानात नागासाकी येथे हुतात्मा झाले, आणि 1862 मध्ये त्यांना संतपद मिळाले. एवढ्या दूरचा समुद्र या लहानशा बंदराशी जोडला गेला होता.

1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने सुरुंग लावून तट फोडला. मराठ्यांचेही शेकडो वीर येथे पडले. तरीही शरणागतीच्या अटी पाहा : ज्यांना जायचे त्यांनी शस्त्रे व चीजवस्तूसह जावे, जे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी. गावोगावची चर्चे आज नांदती आहेत आणि वज्रेश्वरीचे देऊळही नांदते आहे, याचे मूळ या दिवसांत आहे. विजयाची आठवण म्हणून चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांपैकीच. 31 डिसेंबर 1802 रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि मराठी राज्याच्या स्वातंत्र्याला ओहोटी लागली. इंग्रजी अमलात हे शहर ओस पडले, आतली जमीन खंडाने दिली गेली. पुढे ते पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आले. उमरावांच्या त्या शहरात आज कोणीही तिकीट न काढता शिरतो. दोनशे वर्षे ज्या वेशीतून सामान्य माणूस मान खाली घालून आत आला, त्या वेशीखाली आपली मुले लपंडाव खेळतात. आमच्या मते वसईच्या इतिहासातला हाही एक विजयच होय.

येथे जायचे तर सकाळी लवकर जावे. वसई रोड स्थानकावरून बस मिळते. समुद्राकडच्या दरवाजाशी जाऊन त्याची रचना पाहावी. शत्रूला सरळ चाल करता येऊ नये म्हणून वाट कशी वळविली आहे, ते मुलांना शोधू द्यावे. सेंट जोसेफ चर्चच्या दर्शनी भिंतीवर 1601 सालचा लेख आहे. त्यातला आकडा कोण आधी वाचतो, याची पैज लावावी. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जमिनीतल्या थडग्यांवर पोर्तुगीज अक्षरे आहेत. नागेश्वराच्या देवळापाशी विसावा घ्यावा, चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी वरची हकीगत सांगावी आणि दशम्यांचे गाठोडे सोडावे. 2024 च्या फेब्रुवारीपासून किल्ल्याजवळच्या धक्क्यावरून भाईंदरला मोटारींसह माणसे नेणारी बोट सुटते. तिच्यातून खाडी ओलांडून परत येणे, हा मुलांना गलबताचा पहिला अनुभव ठरेल, आणि तोही थोडक्या भाड्यात.

दुसऱ्या एखाद्या रविवारी अर्नाळ्यास जावे. गावच्या किनाऱ्यावरून होडीने बेटावर उतरले, की समोर किल्ला. गुजरातच्या सुलतानांनी तेथे पहिले ठाणे बांधले, पोर्तुगीजांनी ते वाढविले, 1737 मध्ये मराठ्यांनी ते घेतले. दरवाजावर बाजीरावांचे नाव असलेला मराठी लेख आजही वाचता येतो. आत त्र्यंबकेश्वराचे देऊळ आणि अष्टकोनी तळे आहे. बेटावर कोळ्यांची वस्ती आहे, हे मात्र ध्यानात असावे. सुकत घातलेली जाळी आणि मासळी हे प्रदर्शन नव्हे, तो कुणाचा तरी संसार आहे. कोळीदादांना विचारले, तर वारा आणि भरती-ओहोटी यांविषयी ते जे सांगतील ते पुस्तकात मिळत नाही. अशोकाच्या यात्रेतले 'लोकांची भेट' म्हणतात ते हेच.

आता आमच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. 3 जुलै 2009 रोजी आपल्या चार नगरपालिका व भोवतालची गावे मिळून महानगरपालिका झाली. 2011 च्या शिरगणतीत लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली होती. एवढ्या माणसांना श्वास घ्यावयास जी मोकळी जागा आहे, ती वाडी, तळी, किनारा, डोंगर आणि हे जुने कोट एवढीच. तिच्यावर दोन्ही बाजूंनी दाब येतो. एकीकडे बांधकाम सरकत येते. दुसरीकडे जेथे कुटुंबे जात नाहीत, तेथे दारूच्या बाटल्या जातात आणि भिंतींवर नावे कोरली जातात. मग एक दिवस कोणी अधिकारी म्हणतो, "कुंपण घाला, कुलूप लावा, तिकीट ठेवा." त्याला दोष कसा द्यावा? चिंचोटी आणि तुंगारेश्वरच्या धबधब्यांवर पावसाळ्यात बंदीचे हुकूम निघतात, कारण तेथे माणसे बुडून मेली आहेत. 2003 पासून तुंगारेश्वर हे अभयारण्य आहे; तेथे हिवाळ्यात सकाळी जावे, शांतपणे चालावे. पावसात बंदी असेल तर ती निमूटपणे पाळावी. आपल्या बेफिकिरीने बंद झालेले दार आपल्या मुलांनाही बंद राहते.

यावर उपाय फार मोठा नाही आणि त्याला निधीही लागत नाही. ज्या जागेवर आईबाप, आजीआजोबा आणि मुले नेमाने जातात, तेथे दांडगाई करावयास माणूस बिचकतो. कोणत्याही पहारेकऱ्यापेक्षा पोळीभाजीचा डबा घेऊन बसलेले कुटुंब हा त्या जागेचा अधिक चांगला रखवालदार असतो. वहिवाटीने हक्क टिकतो, हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पायवाट चालती राहिली तरच ती वाट राहते. एरवी तिच्यावर कुणाचे तरी कुंपण येते. सार्वजनिक जागेचेही तसेच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तीही लोक ऐकावयास येत राहिले म्हणूनच टिकली.

तेव्हा श्रोतेहो, या सुट्टीत "पुढच्या वर्षी पाहू" हे वाक्य घरात उच्चारू नये, एवढीच आमची विनंती. एक रविवार सोपाऱ्याला, एक किल्ल्याला, एक अर्नाळ्याला द्या. शेजारच्या बिऱ्हाडातल्या ज्या मुलाला कोणी नेत नाही, त्यालाही बरोबर घ्या. एका डब्यात दोन भाकऱ्या अधिक घालणे कठीण नाही. येताना आपला कचरा पिशवीतून परत आणा आणि जमल्यास दुसऱ्याचाही थोडा उचला. आपल्या पूर्वजांनी ही दारे रक्त सांडून, माती उकरून उघडी केली. ती उघडी ठेवण्यासाठी आपल्याला फक्त त्यांतून आत जावयाचे आहे.