'सेटलमेंट' : बसवणं कुणाचं आणि कशासाठी?

लग्नकार्यात हमखास प्रश्न येतो, "पोरगा सेटल झाला का?" बँक थकबाकीदाराला सांगते, वन टाइम सेटलमेंट करून टाका. चौकीबाहेर कुणीतरी हळूच म्हणतो, मॅटर सेटल करू. शब्द असा घरचा झालाय. पण आपल्याकडं त्याचा इतिहास सरकारी दप्तरातला आहे.

मूळ अर्थ बसणं, बसवणं. १८२६ साली इंग्रजांनी पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर एकत्र करून 'स्ट्रेट्स सेटलमेंट्स' केलं. तिथं अर्थ वसाहत. दहाच वर्षांनी, १८३६ ला, गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची प्रतवारी लावून ३० वर्षांसाठी सारा बसवला. तीही सेटलमेंटच. आपण तिला जमाबंदी म्हणतो. पुण्यातल्या जमाबंदी आयुक्तांचं इंग्रजी पदनाम आजही सेटलमेंट कमिशनर आहे.

तिसरा अर्थ सोलापूरकरांना सांगायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. म्हणजे कुणी काही केलं म्हणून नव्हे, तर अमक्या जातीत जन्मला म्हणून. १९११ च्या कायद्यानं मुंबई इलाखाही त्यात आला. सोलापुरात कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं. रोजची हजेरी, बाहेर जायला पास. कागदावर नाव सुधारणेचं, आणि त्याच वेळी कापड गिरण्यांना हक्काचे मजूर मिळाले. फिरत्या माणसाला 'बसवलं' ते असं.

देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. ही माणसं कायद्यातून सुटली ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षं उशिरा! म्हणून तो विमुक्त दिन. त्यानंतरही सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशय तसाच राहिला.

कुंपण गेलं, पण वस्तीचं नाव सेटलमेंट ते सेटलमेंटच राहिलं. गावात चोरी झाली की पहिली धाड अजूनही पारध्याच्या पालावर पडते. त्याच्या पोराला जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा मागतात. ज्याला कुठं टिकू दिलं नाही, त्यानं कागद ठेवायचा कुठं?

म्हणून पुढच्या वेळी "सेटल झाला का?" विचारताना एवढं आठवा : आपल्याकडं काही लोकांना सेटल केलं गेलं, ते स्थिरावले मात्र नाहीत.