असिसात ओशोआला

असिसात लामिना ओशोआला (जन्म: ९ ऑक्टोबर १९९४, इकोरोडू, लागोस राज्य, नायजेरिया) ह्या नायजेरियाच्या आंतरराष्ट्रीय महिला फुटबॉलपटू असून आघाडीच्या फळीत खेळतात. आफ्रिकेतील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूचा पुरस्कार त्यांनी सहा वेळा (२०१४, २०१६, २०१७, २०१९, २०२२ आणि २०२३) मिळवला आहे. यापूर्वी नायजेरियाच्याच पर्पेटुआ न्क्वोचा यांनी हा पुरस्कार चार वेळा मिळवला होता. तो विक्रम ओशोआला यांनी २०२२ मध्ये मागे टाकला.

प्रारंभिक जीवन

ओशोआला यांचा जन्म एका मुस्लिम कुटुंबात झाला. मुलीने फुटबॉल खेळण्यास आईवडिलांचा विरोध होता. तिने शिक्षण पूर्ण करावे अशी त्यांची इच्छा होती. हा विरोध पत्करून ओशोआला यांनी खेळ चालू ठेवला. त्यांनी मोठे यश मिळवल्यानंतरच घरच्यांचा विरोध मावळला. लागोसमधील एफसी रोबो आणि त्यानंतर पोर्ट हारकोर्ट येथील रिव्हर्स एंजल्स या संघांतून त्यांची कारकीर्द सुरू झाली.

२०१४ : उदयाचे वर्ष

कॅनडात झालेल्या २० वर्षांखालील महिला विश्वचषक स्पर्धेने त्यांचे नाव जगापुढे आणले. उपांत्य सामन्यात नायजेरियाने उत्तर कोरियाचा ६-२ असा पराभव केला. त्यांपैकी चार गोल एकट्या ओशोआला यांचे होते. अंतिम सामन्यात जर्मनीने अतिरिक्त वेळेत १-० असा विजय मिळवला. तथापि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू आणि सात गोलांसह सर्वाधिक गोल करणारी खेळाडू, हे दोन्ही बहुमान ओशोआला यांना मिळाले. त्याच वर्षी नामिबियात नायजेरियाच्या वरिष्ठ संघाने आफ्रिकी अजिंक्यपद जिंकले आणि तेथेही सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यांची निवड झाली.

क्लब कारकीर्द

जानेवारी २०१५ मध्ये त्या इंग्लंडच्या लिव्हरपूल संघात दाखल झाल्या. गुडघ्याच्या दुखापतीमुळे तेथील त्यांच्या खेळात खंड पडला. २०१६ मध्ये त्या आर्सेनलकडे गेल्या. त्या वर्षी आर्सेनलने चेल्सीला हरवून एफए चषक जिंकला. २०१७ मध्ये त्यांनी चीनमधील दालियान संघाशी करार केला. त्या मोसमात संघाने लीग जिंकली आणि ओशोआला लीगमधील सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडू ठरल्या.

जानेवारी २०१९ मध्ये त्या प्रथम तात्पुरत्या कराराने बार्सिलोना संघात आल्या. त्याच वर्षी बुडापेस्ट येथील युरोपीय चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाला लिऑनकडून ४-१ असा पराभव पत्करावा लागला. संघाचा एकमेव गोल बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या ओशोआला यांनी केला. त्यानंतर संघाने त्यांच्याशी कायम करार केला. बार्सिलोनाने २०२१ आणि २०२३ मध्ये ही स्पर्धा जिंकली, तेव्हा त्या संघात होत्या. २०२१-२२ च्या मोसमात २० गोल करून त्यांनी स्पॅनिश लीगमधील सर्वाधिक गोलांचा पिचिची पुरस्कार ब्राझीलच्या गेझे यांच्यासह विभागून मिळवला. २०२२ मध्ये बॅलन डी'ओर पुरस्काराच्या नामांकन यादीत स्थान मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी महिला ठरल्या. मतदानात त्यांना सोळावे स्थान मिळाले. बार्सिलोनासाठी त्यांनी शंभराहून अधिक गोल केले.

२०२४ मध्ये त्या अमेरिकेतील नव्याने स्थापन झालेल्या बे एफसी संघात गेल्या. संघाच्या इतिहासातील पहिला गोल त्यांच्याच नावावर आहे. २०२५ मध्ये त्यांनी सौदी अरेबियातील अल हिलाल संघात प्रवेश केला.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

२०१४, २०१६, २०१८ आणि २०२५ मधील आफ्रिकी अजिंक्यपद जिंकणाऱ्या नायजेरियन संघांत ओशोआला यांचा समावेश होता. २०१६ च्या स्पर्धेत सहा गोल करून त्या सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडू ठरल्या. २०२२ च्या स्पर्धेत मात्र पहिल्याच सामन्यातील दुखापतीमुळे त्यांना माघार घ्यावी लागली.

२०१५ मध्ये स्वीडन, २०१९ मध्ये दक्षिण कोरिया आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध गोल करून त्या तीन विश्वचषक स्पर्धांत गोल करणाऱ्या पहिल्या आफ्रिकी महिला ठरल्या. ब्रिस्बेनमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्या बदली खेळाडू म्हणून उतरल्या होत्या; त्यांच्या गोलाने नायजेरियाची आघाडी ३-१ झाली आणि सामना ३-२ असा जिंकला गेला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही त्या संघात होत्या.

मानधनाचा प्रश्न

मैदानावरील यशाच्या तुलनेत नायजेरियाच्या महिला संघाला आर्थिक न्याय मिळाला नाही. २०१६ चे अजिंक्यपद जिंकून परतल्यावर थकीत बक्षीस रकमेसाठी खेळाडूंनी अबुजातील हॉटेल सोडण्यास नकार दिला आणि रस्त्यावर उतरून निदर्शने केली. २०१९ च्या विश्वचषकातून बाहेर पडल्यावर फ्रान्समध्येही संघाने असाच पवित्रा घेतला. आफ्रिकेतील सर्वाधिक यशस्वी महिला संघाला हक्काच्या रकमेसाठी असे झगडावे लागले, ही बाब ओशोआला यांच्या पिढीच्या कारकिर्दीचा अविभाज्य भाग आहे.

सन्मान व सामाजिक कार्य

२०१४ मध्ये नायजेरिया सरकारने त्यांना 'मेंबर ऑफ द ऑर्डर ऑफ द नायजर' हा किताब दिला. २०१५ मध्ये बीबीसीच्या वर्षातील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू पुरस्काराच्या त्या पहिल्या मानकरी ठरल्या. त्यांच्या नावाची संस्था आणि अकादमी नायजेरियातील मुलींना फुटबॉलची संधी मिळवून देते. खेळाबरोबर शिक्षणही सुटू नये, यावर संस्थेचा भर आहे.