नागरी हवामानाच्या प्रारूपांतील इमारत : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

शहर सभोवतालच्या ग्रामीण परिसरापेक्षा उष्ण का असते, या प्रश्नाचा पहिला पद्धतशीर अभ्यास ल्यूक हॉवर्ड यांनी लंडनमध्ये केला. १८१८ ते १८२० या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी शहरातील रात्री अधिक उबदार असल्याचे दाखविले व घरोघरी जळणारे इंधन हे त्याचे एक कारण मानले.

संगणकीय प्रारूपांच्या काळात मात्र इमारत प्रामुख्याने ऊन झेलणारा एक पृष्ठभाग ठरली. व्हॅलेरी मासाँ यांच्या २००० सालच्या प्रारूपात छत, भिंत व रस्ता यांचा स्वतंत्र ऊर्जा-ताळेबंद मांडला गेला. इमारतीच्या आतील ऊर्जावापर त्यात ढोबळ स्वरूपातच होता. ही उणीव भरून काढण्याचा महत्त्वाचा प्रयत्न किकेगावा व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये टोकियोच्या संदर्भात केला. बाहेरचे तापमान वाढले की वातानुकूलन वाढते, यंत्रांनी बाहेर टाकलेली उष्णता रस्त्यावरील हवा तापविते आणि वातानुकूलनाची गरज आणखी वाढते, हे चक्र प्रारूपात आले. अमेरिकेतील फिनिक्स शहराविषयीच्या २०१४ च्या अभ्यासात या उष्णतेमुळे काही भागांत रात्रीचे तापमान १ अंश सेल्सिअसहून अधिक वाढत असल्याचे आढळले.

हॉवर्ड यांनी हेरलेले कारण अशा रीतीने सुमारे दोन शतकांनी गणितात उतरले. भारतीय शहरांत वातानुकूलन झपाट्याने वाढत असताना हा इतिहास केवळ तांत्रिक राहत नाही. गारवा यंत्र घेणाऱ्याच्या खोलीपुरता असतो. बाहेर टाकलेली उष्णता मात्र ज्यांच्याकडे यंत्र नाही, त्यांनाही सोसावी लागते. प्रारूपाने इमारतीच्या आत डोकावणे म्हणूनच सामाजिक न्यायाच्या दृष्टीनेही अगत्याचे ठरते.